दुसरं बटण

कडूबा म्हस्केच्या उजव्या मनगटावर गेले आठ महिने रोज सकाळी एकच प्रश्न उमटायचा आणि कडूबा रोज त्याला एकच उत्तर द्यायचा. 'नवीन फर्मवेअर उपलब्ध आहे. आत्ता की नंतर?' डाव्या हाताच्या अंगठ्यानं तो 'नंतर' दाबायचा आणि दात घासायला जायचा. ज्याचा एक हात गेलाय तो दुसऱ्याच्या बाबतीत घाई करत नाही, एवढं शहाणपण त्याला आलं होतं. ते यायला हात खर्ची पडला, हा भाग वेगळा.

हात गेला तो वाळूजच्या एका जुन्या शेडमध्ये, साठ टनी प्रेसखाली. प्रेस म्हणजे पत्र्यावर घाव घालून त्याला आकार देणारं धूड. त्याला दोन बटणं असतात, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर म्हणजे एकही हात ठोकळ्याखाली नाही, इतकी साधी गोष्ट. पण दोन्ही हात बटणांवर गुंतले की काम हळू होतं, आणि शिफ्टच्या शेवटच्या तासाला टार्गेट कमी पडलं की साध्या गोष्टी कुणाला आठवत नाहीत. मग उजव्या बटणाच्या खाचेत बाभळीची पाचर ठोकायची, ते दाबलेलंच राहतं, आणि नुसत्या डाव्या बटणावर प्रेस पळवायचं.

नियमात हे बसत नव्हतं. पण शेडची स्वतःची एक शिस्त होती: जिथं पाचर तिथं चिंधी. पाचर मारणाऱ्यानं प्रेसच्या दांड्याला लाल चिंधी बांधायची, म्हणजे येणाऱ्याला कळतं की हे प्रेस एका हातावर चाललंय, आत हात घालायचा नाही. चोरांनाही धर्म असतो तो असा.

तीन वर्षांपूर्वी एका बुधवारी कडूबा चहा पिऊन मशिनवर आला. साच्यात पत्र्याचा तुकडा अडकला होता. तो काढायला त्यानं उजवा हात आत घातला आणि तोल सांभाळायला डावा तळवा डाव्या बटणावर टेकला. वीस वर्षं तो असाच टेकत आला होता. एका बटणानं प्रेस पडत नसतं. त्या दिवशी पडलं. आवाज नेहमीसारखाच आला, म्हणून शेजारच्या मशिनवर कुणी मान वर केली नाही. कडूबा किंचाळला तेव्हा केली. रक्त बटणांच्या पेटीवर, दांड्यावर, शेजारणीच्या उघड्या डब्यात उडालं होतं. कोपराच्या चार बोटं खालून पुढचा हात साच्यातच राहिला आणि त्याला साच्याचा आकार आला.

सगळ्यात आधी धावला तो परमेश्वर गाडेकर. शिफ्टचा सुपरवायझर, आणि कडूबाच्या बायकोचा, सत्यभामेचा, एकुलता एक धाकटा भाऊ. त्यानंच कमरेचा पट्टा आवळून रक्त थांबवलं. दवाखान्यापर्यंत डोकं मांडीवर घेऊन "दाजी, डोळे मिटू नका" म्हणत राहिला. आणि चौकशीला माणसं आली तेव्हा त्यानंच सांगितलं, पाचर होती, चिंधीही बांधलेली होती, दाजींचं लक्ष नव्हतं. कडूबाला त्या दुपारचं दुखण्यापलीकडं काही आठवत नव्हतं. मेव्हणा खोटं कशाला बोलेल? त्यानं कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवला आणि तेव्हापासून स्वतःच्याच घरात अपराध्यासारखा राहू लागला. सत्यभामा दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली. एकदाच ती बोलून गेली होती, "जरा बघून हात घालायचा व्हता ना." तिचं खरंच होतं.

मग हा 'सहहस्त' आला. हाडात घट्ट बसवलेला, काढून ठेवता न येणारा, चांगला राकट, करड्या रंगाचा यंत्राचा हात. आणि आता शेडच्या जागी नवी लाईन येत होती, पुढून यंत्रं पत्रा भरवणार, मागून यंत्रं उचलणार, मध्ये माणूस. जुनी काही प्रेसं तेवढी राहणार होती. परमेश्वरनं शब्द टाकून कडूबाला लाईनवर जागा मिळवली, पण अट होती: हातावर नवं फर्मवेअर पाहिजे. जुनं लाईनला पुरत नव्हतं. सोमवारपर्यंत अपडेट, नाहीतर गेट बंद.

म्हणून शनिवारी कडूबा हात बसवणाऱ्या कंपनीच्या शहरातल्या केंद्रात गेला. तिथली इंजिनिअर मृण्मयी टाकसाळे त्याच्या मुलीच्या वयाची. तिनंच हा हात त्याला वापरायला शिकवला होता.

"काका, आधी नीट ऐका, मग सही करा," ती म्हणाली. तिनं कोपराजवळचं झाकण उघडलं. आत तळहाताएवढा हिरवा मदरबोर्ड होता. "हा बोर्ड म्हणजे हाताचं डोकं. आणि ह्याच्या पोटात जे कायमचं लिहून ठेवलंय, की कुठल्या इशाऱ्याला काय करायचं, ते फर्मवेअर. इशारा कुठून येतो माहितीये ना?"

"हितून." कडूबानं कानामागं बोट लावलं. तिथं कवटीखाली तांदळाएवढी चकती होती.

"हां. आता गंमत बघा. माणसाला वाटतं की मी आधी ठरवतो, मग हात हलतो. तसं नसतं. मेंदूत हलण्याची तयारी आधीच सुरू झालेली असते. ठिणगी आधी पडते, आपल्याला कळतं मागून. कळल्यापासून हात हलेपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद मिळतो. डोळा मिचकावण्याएवढा. पण तेवढ्यात माणूस 'नको' म्हणू शकतो. दिवसातून शेकडो वेळा म्हणतो. कुणाला धक्का लागला, कुणी उलट बोललं, ठिणगी पडते आणि विझते. आपल्याला पत्ताही लागत नाही."

"आन ह्यो हात?"

"जुनं फर्मवेअर तेवढा वेळ थांबतं. ठिणगी दिसली तरी तुमच्या 'नको'ची वाट बघतं. लोकांनी तक्रारी केल्या, हात मंद आहे, क्रिकेट खेळता येत नाही. म्हणून कंपनीनं नव्यात ते थांबणं काढून टाकलं. ठिणगी पडली की हात सुटला."

कडूबा त्या हिरव्या बोर्डाकडं वाकला. "म्हणजे दुसऱ्या बटणात पाचर मारायची," तो म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई. आमच्यात म्हणत्यात. नको बाई मला. चालतंय ते चालू द्या. गेट बंद झालं तर झालं."

मृण्मयीला ते ऐकून बरंच वाटलं असावं. तिनं झाकण लावलं. "मग नकाराची नोंद करते. फाईल तुमचीच आहे ना, एवढं बघून सांगा." तिनं टॅबलेट त्याच्यापुढं सरकवला. वर नाव, पत्ता, खाली अपघाताचा फोटो. आजवर कुणी कडूबाला तो दाखवला नव्हता आणि त्यानंही मागितला नव्हता.

फोटोत त्याचं प्रेस होतं. बटणांच्या पेटीवर रक्ताचे ओघळ, दांड्यावर वरपासून खालपर्यंत शिंतोडे. दांड्याला चिंधी होती. त्यानं डोळे बारीक केले.

"हे मोठं व्हतंय का?"

मृण्मयीनं मोठं केलं. आता दांडा सगळ्या पडद्यावर होता. रक्ताच्या एका ओघळाचा वरचा भाग चिंधीच्या वर दिसत होता, खालचा भाग चिंधीच्या खाली. मधल्या चिंधीवर डाग नव्हता. ती नव्या कापडाची, कोरीकरकरीत, रक्ताच्या वरून बांधलेली होती.

"कुणी काढलाय ह्यो फोटू?"

"तुमच्याच सुपरवायझरनी पाठवलेला दिसतोय. का हो काका?"

कडूबानं टॅबलेट परत सरकवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते खरं, पण दात चावून वर तीन वर्षं ओठालाच दोष देत असतील तर? तो उठला. "घरी करता येतं का हे, अपडेट?"

"आत्ता तर नको म्हणालात!"

"इचारायलोय नुसतं."

"येतं," ती नाइलाजानं म्हणाली. "अकरा मिनिटं लागतात. शेवटच्या क्षणापर्यंत पडद्यावर 'रद्द' असं बटण चालू असतं. पण एकदा बार भरला की बोर्डातला एक फ्यूज जळतो. मग परत जुन्यावर येता येत नाही, कधीच. आणि एक लक्षात ठेवा, मुठीत काही असताना बॅटरी काढू नका. बॅटरी गेली की मूठ आहे तशीच घट्ट राहते. हंडाबिंडा पडू नये म्हणून केलंय तसं."

रविवारी दुपारी परमेश्वर जेवायला आला. दर रविवारी यायचा. सत्यभामेनं मटण केलं होतं आणि बाजरीच्या भाकरी थापत होती. कडूबा समोर बसला होता, जेवत नव्हता.

"परमेश्वर," तो म्हणाला, "त्या दिवशी चिंधी कुणी बांधली व्हती रे?"

परमेश्वरचा घास हवेतच थांबला. क्षणभरच. "कुणी म्हंजे? व्हतीच की आधीपासून. म्या माझ्या डोळ्यानं बघितली."

"रगत उडायच्या आधीपासून?"

"दाजी, जेवताना कामून रगताच्या गोष्टी काढायलात?"

"हाव ना," चुलीपुढून सत्यभामा म्हणाली. "झालं गेलं. कामून उकरून काढायचं?"

कडूबाच्या अंगातून काहीतरी सरकन वर चढलं. उजवा हात मांडीवर होता. त्याला स्पष्ट दिसलं की हा हात उठतोय, ताटावरून पुढं जातोय, त्या हलणाऱ्या गळ्याला भिडतोय. हात उठला नाही. पुन्हा ते वर चढलं, पुन्हा विझलं. तिसऱ्यांदाही विझलं. आतून कुणीतरी दरवेळी 'नको' म्हणत होतं, आणि कडूबाला त्या 'नको'चा मनस्वी संताप आला. तीन वर्षं मान खाली घालून जगलो ते ह्याच 'नको'च्या जिवावर, असं त्याला वाटलं.

"त्यो अपडेट मारला का दाजी?" विषय बदलायला परमेश्वरनं विचारलं. "मारून टाका आता. नंतर नंतर करता करता उद्याचा दिवस उजाडंल."

दैवाला कधीकधी अशी थट्टा सुचते. कडूबानं हात मांडीवरच्या पंचाखाली घेतला आणि अंगठ्यानं 'आत्ता' दाबलं.

पंचाखाली निळा बार हळूहळू सरकू लागला. त्याच्याखाली 'रद्द' लाल उजळलं होतं. परमेश्वरनं रस्सा ओरपला. सत्यभामेनं त्याच्या ताटात गरम भाकरी टाकली, "खा रे, वाळलास किती," म्हणाली. बार अर्धा झाला. तिनं कांदा फोडून दिला. परमेश्वरनं लाईनवरच्या साहेबाची नक्कल केली आणि सत्यभामा पदर तोंडाला लावून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. कडूबाचा अंगठा 'रद्द'वर होता, टेकलेला नव्हता. तिनं आणखी एक भाकरी वाढली. बार भरायला आणि परमेश्वरनं हात धुऊन चपला घालायला एकच गाठ पडली. तो दारातून बाहेर पडला, त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि पंचाखाली कडूबाची पाचही बोटं एकदा थरथरून मिटली.

तो धावतच बाहेर आला. गाडी गल्लीच्या टोकाला वळली होती. दारात खंड्या होता, एका कानानं तुटका, गल्लीचा कुत्रा, जो गेली चार वर्षं कडूबाच्याच हातची भाकरी खात होता. मटणाच्या वासानं त्याला उधाण आलेलं. त्यानं उडी मारली, दोन्ही पंजे कडूबाच्या छातीवर आदळले.

कडाक असा आवाज झाला. तो कडूबाच्या कानावर आला आणि मागून त्याच्या मनात 'अरे' उमटलं. खंड्या उजव्या मुठीत लोंबत होता. मान एका बाजूला, जीभ दातांत चावलेली, मागचे पाय अजून हवेत धावत होते. मग ते थांबले. कडूबानं मूठ उघडली आणि ती तत्काळ उघडली, कामसू माणसासारखी.

कुत्र्यानं अंगावर उडी मारली म्हणून रागाची एक ठिणगी पडली असेल. रोजच पडत असेल! आणि रोज तो हसून त्याचं डोकं खाजवत होता. सत्यभामा बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "गाडीखाली आला." घरात आता दोघं खोटं बोलणारे झाले, एक मेव्हणा आणि एक नवरा.

सोमवारी सकाळी मनगटावर प्रश्न नव्हता. कडूबानं ठरवलं होतं, परमेश्वरकडं बघायचंच नाही. मान खाली, नजर पत्र्यावर. महिना-दोन महिन्यांत दुसरा बोर्ड मागवू. बॅटरी काढून ठेवावी हे त्याला सुचलं नाही असं नाही, पण मेल्या हातानं गेटमधून आत कोण घेणार? आणि सत्यभामेनं तीन वर्षांनी त्याचा डबा भरला होता.

हात लाईनवर असा पळाला की बघणारे थबकले. पत्रा यायचा, हात तिथं आधीच असायचा. परमेश्वरनं लांबूनच अंगठा दाखवला. कडूबानं बघितलं नाही.

पण दुपारी दोनला अर्धा तास वीज गेली आणि टार्गेट मागं पडलं. सव्वातीनला कडूबा पाणी प्यायला उठला. वाटेत जुनं प्रेस होतं. त्यावर काम करणारी दीक्षा जोगदंड नळावर बाटली भरत होती. आणि तिच्या मशिनपुढं परमेश्वर हातोडीनं उजव्या बटणात पाचर ठोकत होता. टक, टक, टक. सराईत हात. दांडा मोकळा होता.

"परमेश्वर," कडूबा म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "चिंधी?"

परमेश्वरनं मान वर करूनही बघितलं नाही. "बांधतो नंतर, दाजी. तासच तर राह्यलाय."

'नंतर' हा शब्द हवेत असतानाच उजवा हात सुटला होता. कडूबाला कळलं तेव्हा बोटं गळ्यात रुतलेली होती आणि परमेश्वर चवड्यांवर उचलला गेला होता. त्याचे डोळे खोबणीतून बाहेर आले. त्यानं लाथा झाडल्या, एक कडूबाच्या गुडघ्यावर बसली, दुसरी पोटात. मग हातोडी. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कपाळावर. कडूबाची भुवई फाटली, डावा डोळा रक्तानं भरला. त्या घावासरशी आतली ठिणगी पडली आणि मूठ आणखी आवळली. गळ्यातून करकर आवाज आला.

"सोड," कडूबा स्वतःच्याच हातावर ओरडला. "सोड की रे!" सोडायची इच्छाही होती, पण समोर तो चेहरा होता, हातोडी होती, तीन वर्षं होती. एका 'सोड'च्या मागून चार ठिणग्या येत होत्या, आणि हात आता कुणाच्या 'नको'साठी थांबत नव्हता. थांबणं त्यानंच काढून टाकलं होतं.

माणसं धावली. दोघांनी कडूबाला मागून धरलं, एकानं करड्या मनगटाला लोंबकळून बघितलं. बोटं हलली नाहीत. परमेश्वरच्या हातातून हातोडी गळली. ओठ निळे पडले, विजार ओली झाली.

"बॅटरी!" दीक्षा ओरडली. "कोपराखालची बॅटरी काढा!"

"बॅटरीला हात लावू नका!" कडूबा गरजला. "मूठ तशीच ऱ्हाईल!" पण ते कुणाला समजणार? ह्याला मेव्हण्याचा जीवच घ्यायचाय असं वाटून एकानं लोखंडी पट्टी त्याच्या पाठीत घातली. कडूबा वाकला, पण त्यानं तिघांनाही झटकून दिलं.

परमेश्वर आता गुडघ्यांवर आला होता. त्याची मान प्रेसच्या टेबलाच्या उंचीला आली. कडूबाला ते दिसलं. बोटं ओढून धरणाऱ्या सगळ्या पोलादी तारा कोपरातल्या मोटारीतून निघतात, मनगटावरून बोटांत जातात. मृण्मयीनं झाकण उघडून कितीदा दाखवल्या होत्या. तारा तुटल्या तर मूठ कुणाची? तो प्रेसच्या डाव्या बाजूला सरकला, परमेश्वरला उजवीकडं ढकललं, आणि दोघांमधला तो करडा हात पुढं दामटून साच्यावर आडवा घातला. वर साठ टनांचा ठोकळा होता. उजव्या बटणात परमेश्वरनं आत्ताच मारलेली पाचर होती.

कडूबानं डावा तळवा डाव्या बटणावर ठेवला. हा हात त्याचा स्वतःचा होता, आईच्या पोटातून आलेला. त्याला ठिणगी आधी आली, कळलं मागून, आणि मधला तो डोळा मिचकावण्याएवढा वेळही मिळाला. तेवढ्यात त्याला आठवलं की मागच्या वेळी कसं दुखलं होतं. 'नको' म्हणता आलं असतं.

त्यानं दाबलं.

ठोकळा पडला. करड्या कवचाचे तुकडे उडाले, तारा तुटून चाबकासारख्या वाजल्या, हाडात बसवलेली सळई मुळापासून हादरली आणि आतलं उरलंसुरलं हाड उभं फुटलं. कडूबाच्या तोंडून जो आवाज निघाला तो शेडमधल्या जुन्या माणसांनी याआधी एकदा ऐकला होता. पलीकडं बोटं सैल होऊन उघडली. परमेश्वर पालथा कोसळला आणि थोड्या वेळानं घशात हवा ओढल्याचा घरघर आवाज आला. तो जिवंत होता.

मंगळवारी दुपारी दोघंही एकाच वॉर्डात होते, समोरासमोरच्या खाटांवर. परमेश्वरच्या मानेला पट्टा, गळ्यावर पाच काळेनिळे वळ. कडूबाचा उजवा दंड बँडेजमध्ये, पुढं काहीच नाही. मधोमध खुर्ची टाकून पोलीस उपनिरीक्षक बाई कागद सरसावून बसल्या होत्या. सत्यभामा भिंतीला टेकून उभी होती. भावाच्या खाटेला आणि नवऱ्याच्या खाटेला तिथून सारखंच अंतर होतं.

मृण्मयी धावपळ करत आली होती. "मॅडम, ही बोर्डातली नोंद," ती म्हणाली. "मूठ आवळली ती काकांना कळायच्या आधी. हे मोजून दाखवता येतं. नव्या फर्मवेअरनं त्यांना थांबायला वेळच दिला नाही. हे काकांनी केलेलंच नाही. उलट स्वतःचं हाड फोडून त्यांनी माणूस वाचवलाय. दोष कंपनीचा आहे, मी कोर्टात सांगेन."

बाईंनी मान डोलवली. "गाडेकर, तुमची तक्रार?"

परमेश्वर छताकडं बघत बोलला. आवाज फाटका येत होता. "तक्रार न्हाई. आधी माझं लिव्हा. तीन वर्सांखाली पाचर म्या मारली व्हती. चिंधी बांधायची राह्यली. दाजीला दवाखान्यात टाकून परत गेलो आन मग बांधली." त्यानं डोळे मिटले. "आक्का, तुला तोंड कसं दाखवावं म्हून खोटं बोललो."

सत्यभामेच्या घशातून एक हुंदका आला, पण ती जागची हलली नाही.

"म्हणजे म्हस्के सुटले," मृण्मयी हळूच म्हणाली. "काका, तुम्ही काही बोलू नका आता."

कडूबाला तीन वर्षांत पहिल्यांदा मान वर करून बोलता येत होतं, आणि मोकळं सुटायचं दार समोर उघडं होतं. "न्हाई बाई," तो म्हणाला. "लिव्हून घ्या. हाताला येळ मिळाला न्हाई हे खरं हाय. पण अपडेट म्या दाबला. काय व्हनार ते ह्या पोरीनं समजावून सांगितलं व्हतं, म्हूनच दाबला. त्याला अकरा मिनटं लागली. अकरा मिनटं 'रद्द' माझ्या अंगठ्याखाली व्हतं."

बाईंचं पेन थांबलं. सत्यभामा भिंतीपासून सुटून एक पाऊल पुढं आली.

"कवा केलं हे?" तिनं विचारलं.

"रविवारी. दुपारी."

"रविवारी तर त्यो जेवायला आला व्हता."

"हां."

"मग म्या कुठं व्हते तवा?"

कडूबानं तिच्याकडं बघितलं. "तू त्याला भाकर वाढत व्हतीस."

सत्यभामा खाली बसली. तिथंच, दोन खाटांच्या मधे, फरशीवर. ती आपल्या दोन्ही तळहातांकडं बघत राहिली. बाईंनी जरा अवघडून विचारलं, "हे सगळं लिहू का मग?"

"लिव्हा," सत्यभामा म्हणाली. "दोघांचंबी लिव्हा."